मनकर्णाबाईचं बिनकडीचं दार

भिकन, तो मोबाईलचा उजेड आधी बंद कर. थेट डोळ्यात मारतोय लेका. लाईट गेली तर गेली, चांदणं हाय की. पिशोरात अंधार काय नवा हाय का? बसा इथं बाजेवर. अन् मल्हारी, तू मघाशी जेवताना काय विचारत होतास ते पुन्हा विचार. नव्या घराच्या दाराला काय लावावं? रोलर कॅच का मॅग्नेट?

बघा. पोरगं वाळूजला कामाला जातं, बोटावर सगळी दुनिया फिरवतं, अन् दाराचं म्हाताऱ्या आबाला विचारतं. बरं केलंस. सांगतो. कडी असते ती दार बंद करायला. आतून लावली की बाहेरचा आत येत नाय, बास. कॅच बंद करायला नसतोच, नुसता धरून ठेवायला असतो. वाऱ्यानं आपटू नये, कुत्रं शिरू नये, पण माणसानं ढकललं की उघडावं. त्यातला मॅग्नेट असा चिकटून बसतो की सुटत नाय, अन् सुटला की झटका देऊन सुटतो. गोळीचा कॅच स्वस्त पडतो, पण धूळ गेली की गोळी अडकते. रोलरचं तसं नाय. दाराच्या कडेला बारकी फिरकी, तिच्या मागं स्प्रिंग, अन् समोर चौकटीला खाचेची पट्टी. ढकललं की फिरकी पट्टीवर चढते, दबते, अन् खाचेतून अलगद निघते. आतल्या अंगाला त्याला स्क्रू असतो, दार लावलेलं असलं तरी हाताला येतो. फिरवला की दाब कमी-जास्त होतो. जसा हात, तसा दाब.

हे सगळं मला पुंडलिक सुतारानं शिकवलं. तुम्ही त्याला बघितलं नाय, गेला तो. मी कंपनीत लागलो तवा चिकलठाण्याला आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. मी शिफ्टला जायचो, त्याचं मुकुंदवाडीच्या नाक्यावर बारकं दुकान होतं. दारं, खिडक्या, चौकटी करायचा. हात असा की बोलू नका. अन् माणूस सरळ, दारूचा थेंब नाय, थापा मारायची सवय नाय. त्या दिवसानंतर गड्यानं दाराचं काम सोडलं ते सोडलंच. पुढं मरेपर्यंत बाजा अन् पलंग केले.

काय झालं विचारतोस? सांगणारच हाय की. मधी बोलू नको.

सन चौऱ्याण्णव. जानेवारीची तेरा तारीख, गुरुवार, भोगीचा दिवस. तारीख पक्की ध्यानात हाय, कारण दुसऱ्या दिवशी संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचं जाहीर झालं. तवा गावाला औरंगाबादच म्हणायचे. नाव जाहीर होणार अशी कुणकुण सगळीकडं होती, त्यामुळं चौकाचौकात पोलीस. कुणी मनातून खूश, कुणी मनातून जळत होतं, पण बोलत कुणी नव्हतं. आमच्या कंपनीचा भोंगा मात्र रोजच्यासारखा वाजायचा.

आदल्या सांजेला पुंडलिकच्या दुकानात एक बाई आली. सत्यभामा नाव. मुकुंदवाडीतलीच लेक, सासर तिकडं फुलंब्रीला. म्हणली, "दादा, माझ्या आईच्या दाराला काहीतरी करून द्या. वाऱ्यानं रात्रभर आपटतं. आईच्या डोळ्याला डोळा नाय."

पुंडलिक म्हणला, "त्यात काय ताई, कडी बसवतो."

"कडी नको."

"मग अडसर?"

"अडसराचं तर नावच काढू नका तिच्यापुढं. आतून बंद होईल असं काही नको. वाऱ्यानं उघडू नये, पण बाहेरून कुणी हात लावला तर उघडलं पाहिजे. असलं काही मिळतं का?"

पुंडलिकला हसू आलं. लोक सुताराकडं येतात ते दार पक्कं करायला, अन् ही बाई म्हणते हात लावला की उघडलं पाहिजे. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. सकाळी सायकल काढली अन् गेला जाफरगेटला. तिथला ओळखीचा हार्डवेअरवाला, रोलर कॅच काढून देता देता त्याची मजा करायला लागला. "पुंडलिकभाई, घर के दरवाजे को ये कौन लगाता? चोरां को दावत देनी है क्या? कपाट का माल है ये तो." पुंडलिक म्हणला, "मियाँ, तुम दो तो सही, म्हातारीचा हुकूम हाय." त्यातल्या त्यात मोठा निवडला. स्प्रिंगचा दाब बोटानं बघून घेतला. अन् बाहेरून धरायला एक लोखंडी हँडल घेतलं, कारण जुन्या दाराला बाहेरून धरायला काहीच नव्हतं.

घर साधंच. विटांचं, दोन खोल्या, वर पत्रे. पुढं ओटा, मागं मोरी अन् मागचं दार. पुढच्या खोलीत दाराच्या बरोबर समोर म्हातारीची गोधडी. मनकर्णाबाई. पाटील घराण्यातली बाई, एके काळी बख्खळ जमीन, ती सगळी प्लॉटात गेली. नवरा नानासाहेब मागल्या साली वारला होता. म्हातारी वाळलेली, पण डोळे लख्ख. पुंडलिक दार उतरवून कडेला पटाशीनं खाच पाडत होता अन् ती बसल्या जागेवरून बघत होती. मधेच उठून भोगीची भाजी अन् तिळाची भाकरी वाढली. "खा बाबा. सण हाय."

दुपार कलली तवा कॅच बसला. दार लावलं, टक् करून बसलं. ढकललं, निघालं. पुंडलिक खूश.

म्हातारी बाहेर गेली, दार लावून घेतलं अन् बाहेरून एका बोटानं ढकललं. उघडलं नाय.

"दाब कमी कर," म्हणली.

त्यानं स्क्रू सैल केला. तिनं पुन्हा बोट लावलं. उघडलं.

"अजून कमी कर. करंगळीनं उघडलं पाहिजे."

"मावशी, मग वाऱ्यानं उघडंल."

"तेच तर बघायचं हाय. वाऱ्यानं उघडायचं नाय, अन् करंगळीनं उघडायचं. तेवढं बसवून दे. त्याच्या हातात जोर नसंल रे."

आता कुणाच्या हातात, हे पुंडलिकनं विचारलं नाय. सुतारानं विचारू नये असं त्याला वाटलं. पण एक स्क्रू पिळायचा, दार लावायचं, वाऱ्याची झुळूक यायची वाट बघायची, पुन्हा पिळायचा, यात दिवस मावळला. शेवटी जमलं. वारा आला तरी दार हललं नाय, करंगळी लावली की सुटलं. म्हातारीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात गार होता.

तोवर बाहेर पोलिसांची गाडी फिरून गेली. रिक्षा बंद, सायकलवाल्यालासुद्धा हटकत होते. सत्यभामा म्हणली, "दादा, आता चिकलठाण्याला जाऊ नका. इथंच पडा पुढच्या खोलीत." अन् ओट्यावर बसून, आईला ऐकू जाणार नाय अशा बेतानं, तिनं त्याला सगळं सांगितलं.

आता एक सांगा मला. रात्री बाहेरून नावानं हाक आली तर आपण काय करतो?

बरोबर. ओ देत नाय. तिसरी हाक येईस्तोवर थांबतो. का? कारण माणूस तीनदा हाक मारतं, अन् ते दुसरं जे असतं ते तिसरी हाक मारत नाय. तुझी आजी मंजुळाबाई मेली पण कधी पहिल्या हाकेला ओ दिली नाय. शहरातली माणसं हसतात याला. त्या रात्री मुकुंदवाडीत कुणी हसलं नसतं.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटला होता. गावोगाव दलितांच्या वस्त्यांवर जमाव जायचे, घरं जाळायचे. माणसं मारली. आपल्याच गावच्या माणसांनी आपल्याच गावची माणसं मारली, तोंडानं सांगायला लाज वाटते. या मनकर्णाबाईचा एकुलता एक पोरगा, बद्रीनाथ, चिकलठाण्याला कंपनीत होता. त्याच्या शेजारच्या मशीनवर सुखदेव म्हणून जोडीदार, वस्तीतला. एका ताटात जेवायचे. तर बद्रीनाथनं त्या रात्री सुखदेवच्या बायका-पोरांना टेम्पोत घातलं अन् स्टेशनाकडं पोचवून आला. पाटलाच्या पोरानं. ते जमावातल्या कुणीतरी बघितलं, अन् येताना त्याला रस्त्यात गाठलं.

घरात मायबाप जागे. दाराला कडी, कडीला अडसर. बाहेरून आवाज आला. "आई…"

म्हातारी, तवा काय म्हातारी नव्हती, ती उठली. नानासाहेबानं तिचा हात धरला. म्हणला, थांब. तिसरी येऊ दे. रात्र वाईट हाय.

"आई…"

दुसरी.

ती अडसरावर हात ठेवून उभी राहिली. तिसरी हाक आली की काढायचा. उभी राहिली… उभी राहिली…

तिसरी आलीच नाय.

सकाळी दार उघडलं तर पोरगा ओट्यावर. डोकं फुटलेलं. गार पडला होता.

भिकन, पाणी दे जरा. … हं.

त्या दिवशी म्हातारीनं अडसर चुलीत घातला. कडी उपटून विहिरीत टाकली. अन् आण घेतली की हे दार आता मी उघडणार नाय. त्या रात्री उघडलं नाय, आता उघडायचा माझा हक्क गेला. आता तो उघडील, त्याच्या हातानं, अन् आत येईल. रात्रीला ती त्या दाराला हात लावायची नाय. नुसती समोर बसून राहायची. सोळा वर्षं! नवऱ्यानं दाराला धोंडा लावला की उठून काढून टाकायची. अन् दार रात्री हलायचं. ती म्हणायची बदरी आला. नानासाहेब म्हणायचा वारा हाय. लेक म्हणायची वारा हाय. कोण खरं, कळायला इलाज नव्हता.

म्हणून तो कॅच. ध्यानात येतंय का मल्हारी? वाऱ्यानं उघडणार नाय, पण करंगळीनं उघडंल. उघडलं तर तोच. एवढ्यासाठी म्हातारी जीव धरून होती.

पुंडलिकला वाटलं आपण हे काम घ्यायला नको होतं. पण आता रात्र झाली होती. सत्यभामा आतल्या खोलीत झोपली. म्हातारी गोधडीवर, दाराकडं तोंड करून. पुंडलिक भिंतीला पडला, उशाला हत्यारांची पेटी. दिवा मालवला. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड दाराच्या अन् चौकटीच्या फटीतून आत येत होता, एक सरळ रेघ. दार जुनं, वाळून आखडलेलं, फट राहतेच. ती रेघ बघत बघत त्याला डोळा लागला.

जाग आली ती थंडीनं. वारा पडला होता. पत्रा वाजत नव्हता, कुत्रं भुंकत नव्हतं. कंपन्यांची घरघर असते ना रात्रभर, तीसुद्धा नव्हती.

अन् दारातून आवाज आला.

कुर्र…

बारका. फिरकी पट्टीवर घासते तसा. त्यानंच दिवसभर ऐकलेला आवाज, चुकणार कसा? फिरकी चढली… अन् परत खाचेत पडली. टिक्.

वारा नव्हता.

"ऐकलंस?" म्हातारी बोलली. ती बसलेलीच होती. आवाजात इतका आनंद, की पुंडलिक नंतर मला म्हणायचा, "सोनाजी, मला त्या आवाजाचीच भीती वाटली." "ऐकलंस ना तू पण? वारा नाय ना हा?"

"नाय मावशी."

कुर्र… टिक्.

"त्याला जमंना रे. दाब जास्त झाला. कमी कर."

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? तो उठला. अंधारात पेचकस घेतला, दाराशी बसला, कॅचचा स्क्रू चाचपून एक पिळा सैल केला. त्याच्या तोंडात अन् बाहेरच्यात एका फळीचं अंतर. पलीकडं श्वास ऐकू येतो का म्हणून कान दिला. काही नाय.

कुर्र… टिक्.

"अजून."

त्यानं अजून सैल केला.

कुर्र… टिक्.

"अजून कर बाबा. डोकं फुटलंय त्याचं. कुठून आणील जोर?"

स्क्रू फिरून फिरून मोकळा झाला. आता धरायला काहीच नव्हतं. पोराच्या फुंकरीनं उघडंल इतकं दार सैल. पुंडलिक हात काढून मागं सरकला. अन् दोघं बघत बसले.

कुर्र…

उघडलं नाय.

अन् तवा पुंडलिकला एक दिसलं. ती उजेडाची रेघ. दार आत उघडणारं. बाहेरून ढकललं की फट रुंद व्हायला पाहिजे. सुतार माणूस, त्याला हे सांगायला नको. पण आवाज आला की ती रेघ… बारीक होत होती.

त्यानं डोळे चोळून पुन्हा बघितलं.

म्हातारी उठली. "माझ्या लेकराच्यानं व्हत नाय," म्हणली. "जळो ती आण. मीच उघडते." गेली, अन् सोळा वर्षांत पहिल्यांदा, रात्रीच्या वक्ताला, दार आत ओढलं.

दार येईना.

तिनं दोन्ही हातांनी ओढलं. येईना. "बदरी! बाजूला हो रे राजा, मी उघडते… पुंडलिका, हात लाव!" पुंडलिकनं हात लावला. चौकटीला पाय देऊन ओढलं. तगडा गडी होता तो. दाराला कडी नाय. अडसर नाय. कॅच मोकळा.

दार हललं नाय.

अन् मग… पावलं.

रस्त्यावरून. एक-दोन नाय. लई माणसं. बोलत नव्हती. नुसती चालत येत होती. रॉकेलचा वास आला. त्या रेघेतला उजेड गेला… आला… गेला… कुणीतरी दिव्याच्या आडून जात होतं, एकामागं एक.

म्हातारी दाराला चिकटली. "हाक मार," म्हणली. हळूच. "एकदा हाक मार. मी लगेच ओ देते. बदरी… मार की रे हाक…"

काही नाय.

पावलं ओट्यापाशी आली. थांबली.

दार अजून घट्ट झालं. लाकूड करकरलं.

…

…

मग पावलं पुढं गेली. वास गेला. कुठंतरी कुत्रं भुंकलं, अन् पत्र्यावर वारा आला. अन् दार एकदम सुटलं. पुंडलिक पाठीवर पडला. दार सताड उघडं. बाहेर दिवा, रस्ता, थंडी. कुणी नाय. कोपऱ्यावर पोलिसांची शेकोटी. शिपाई बिड्या ओढत बसलेले.

आवाजानं सत्यभामा बाहेर आली. तिघं तसेच बसून राहिले, उजाडेपर्यंत. उजाडल्यावर पुंडलिकनं जाऊन त्या शिपायाला विचारलं, रात्री इथून लोक गेले का? शिपाई म्हणला, वेडा का खुळा तू, चिटपाखरू गेलं नाय, आम्ही काय झोपा काढायला बसलोय का?

परत आला तर म्हातारी ओट्यावर उभी. बाहेरच्या हँडलला हात लावून बघत होती. काल दुपारी बसवलेलं नवं हँडल. चारही स्क्रू लाकडातून अर्धे बाहेर ओढले गेलेले. बाहेरच्या अंगाला.

आत यायचंय त्यानं ढकलायचं असतं ना रे? ओढायचं नसतं. बाहेरून ओढतो तो दार बंद धरायला.

हे पुंडलिकनं तिला सांगितलं नाय. गरजच नव्हती. बाई लई वेळ बघत होती. मग म्हणली, "तिसरी हाक मुद्दाम नाय मारली त्यानं." ती हँडलवरून बोटं फिरवत राहिली. "दोन मारल्या, अन् मागून ते आले असतील. त्याला ठाऊक होतं, तिसरी मारली की आई उघडती. म्हणून नाय मारली. दार धरून मेला."

सत्यभामा रडायला लागली. म्हातारीच्या डोळ्यात टिपूस नाय.

"अन् मी काय केलं? मी कडी उपटली. सोळा वर्षं दार उघडं ठेवलं, अन् माझं लेकरू सोळा वर्षं बाहेर धरून उभं. थंडीत. एक रात्र बसू दिलं नाय मी त्याला." मग पुंडलिककडं वळली. "कडी बसव. आज बसव, आत्ता बसव. जाडातली जाड. त्याला कळू दे आता आतून बंद हाय. त्याला म्हणावं, सोड."

तिकडं शहरात नाव जाहीर झालं. कुठं पेढे, कुठं निळा गुलाल, कुठं दुकानं बंद. पुंडलिक मुकुंदवाडीत कडी ठोकत होता. जाड लोखंडी कडी, वर-खाली दोन. अन् हँडल पुन्हा बसवलं, या वेळी आरपार नटबोल्ट घालून, म्हंजी निघायचं कामच नाय. त्या सांजेला तो खोलीवर आला तवा मला हे सगळं सांगितलं. मी तिळगूळ हातावर ठेवला तर तसाच मुठीत धरून बसला होता, खाल्ला नाय.

चार-पाच दिवसांनी तो म्हातारीला बघायला गेला. दोन्ही कड्या लावलेल्या. दिवसासुद्धा. सत्यभामानं मागच्या दारानं आत घेतलं. म्हातारी त्याच जागी, दारासमोर. अन्न सोडलं होतं. पुंडलिक म्हणला, "मावशी, आता झोप लागती ना?"

ती म्हणली, "अजून धरतोय रे. कड्या लावल्या तरी इश्वास नाय त्याला. एकदा उघडलं होतं ना मी, आत ओढलं होतं ना… आता मी कितीबी सांगितलं तरी सोडंना. ओरडून सांगते. ऐकू जात नाय त्याला." अन् मग ती इतक्या बारीक आवाजात बोलली की पुंडलिकला वाकावं लागलं. "मी हाय तोवर सोडायचा नाय तो."

त्याच रात्री गेली. सकाळी सत्यभामानं बघितलं तर बसल्या बसल्याच, दाराकडं तोंड.

भाऊबंद यायला रात्र झाली, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता काढायचं ठरलं. पुंडलिक गेला, मीही गेलो. हे म्हंजी आता माझ्या डोळ्यानं बघितलेलं सांगतो. तिरडी बांधली पुढच्या खोलीत. चार माणसांनी उचलली. कुणीतरी वरची कडी काढली, खालची काढली, दार ओढलं.

दार आलं नाय.

फुगलं असंल म्हणले. दोघांनी ओढलं. मग चौघांनी. म्हातारीच्या जावेनं ओरडून विचारलं, बाहेरून कुणी धरलंय का रे? मी मागच्या दारानं फिरून ओट्यावर गेलो. बाहेर कुणी नव्हतं. ओट्यावर कुणी नाय, रस्त्याला कुणी नाय. अन् आतून ते ओढत होते अन् दार थरथरत होतं. मी तिथं थांबलो नाय. खोटं कशाला सांगू.

शेवटी मागच्या दारानं काढली. मोरीतून. पाटलाची बाई.

मसणवट्यातून परत आलो. सकाळच होती अजून, हात-पाय गारठलेले. लांबूनच दिसलं, पुढचं दार सताड उघडं होतं. घरात कुणीच नव्हतं. बायकासुद्धा आमच्यासंगंच आल्या होत्या, त्या घरात थांबायला कुणी तयार नव्हतं. ओट्यावर, सावलीत, ते लोखंडी हँडल पडलं होतं. चारही बोल्ट वाकून त्याला लटकलेले, अन् त्यांना दाराच्या लाकडाचे ढलपे.

पुंडलिक हात लावंना. म्हणून मी उचललं.

कोमट होतं.

त्या थंडीत… रात्रभर कुणीतरी मुठीत धरून आत्ताच ठेवलं असावं, तसं.